जुन्या बंदुकीचं फॅक्टरी लेटर : कधी काढायचं, कसं वाचायचं

दोन वर्षांपूर्वी ओहायोतल्या आमच्या गल्लीतल्या एका आजींचा फोन आला. यजमान जाऊन सहा महिने झाले होते आणि तळघरातल्या कपाटात त्यांच्या सात जुन्या बंदुका पडून होत्या. कोणी तरी येऊन, "सगळ्यांचे मिळून चार हजार डॉलर देतो, आजच उचलतो," असं सांगून गेलं होतं. मला जुन्या बंदुका जमवायचा नाद आहे हे आजींना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी विचारलं, देऊन टाकू का?

मी म्हटलं, दोन महिने थांबा. सातांतल्या सहा अगदी साध्या निघाल्या. सातवं होतं कोल्ट कंपनीचं सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर, म्हणजे दर गोळीला घोडा हाताने मागे ओढावा लागतो ते. निकेलचा मुलामा जागोजागी उडालेला, मुठीला काळं कडक रबर. बघितल्यावर कोणीही दुर्लक्ष करावं असं. त्याचं फॅक्टरी लेटर, म्हणजे कारखान्याच्या जुन्या वहीतली नोंद सांगणारं पत्र, मागवलं. लेटरात मुठीच्या रकान्यात लिहिलं होतं : हस्तिदंत. आजींना ते वाचून दाखवलं तशा त्या उठल्या आणि शिवणकामाच्या खोलीतून एक डबा घेऊन आल्या. मुठीला तडा गेला म्हणून यजमानांनी ती फार पूर्वी काढून ठेवली होती. डब्यात बटणांच्या खाली ती पिवळसर पडलेली मूठ होती, आणि बसवून पाहिली तर अगदी चपखल बसली.

एका कागदाने हे काम केलं. त्याच जातीच्या दुसऱ्या एका कागदाने मला स्वतःला एकदा चांगलंच फसवलंय, ते पुढे सांगतो. आपल्यातले बरेच जण आता अमेरिकेत जुन्या वस्तूंच्या लिलावांना आणि गन शोला (बंदुकांच्या प्रदर्शन-बाजाराला) जातात. कुणाच्या जावयाकडे, सुनेच्या माहेरी अशा बंदुका वारशाने आलेल्या असतात. भारतात वाड्यात, वतनदार घरांत इंग्रजी बनावटीच्या बंदुका आहेत. या सगळ्यांसाठी हे लिहितोय.

१. "लेटर" म्हणजे नेमकं काय, ते आधी समजून घ्या

या क्षेत्रात तीन वेगवेगळ्या कागदांना सरसकट "लेटर" म्हणतात आणि निम्मा घोळ तिथेच होतो.

पहिलं फॅक्टरी लेटर. कारखान्याच्या जुन्या वह्यांमध्ये त्या नंबरासमोर काय लिहिलंय, ते कंपनीचा किंवा संग्रहालयाचा माणूस बघून लेटरहेडवर उतरवून देतो. दुसरं तज्ज्ञाचं लेटर. यात जाणकार माणूस बंदूक प्रत्यक्ष हातात घेऊन, खोलून, शिक्के तपासून आपलं मत देतो. तिसरं घराण्याचं लेटर. ही बंदूक आमच्याकडे कशी आली, कोणाची होती, हे कुटुंबातल्या माणसाने सही करून लिहून दिलेलं असतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. फॅक्टरी लेटर नंबराबद्दल बोलतं. ते लिहिणाऱ्याने तुमच्या हातातली बंदूक पाहिलेलीच नसते. अमुक नंबराची बंदूक अमुक दिवशी, अशा नळीची, अशा मुलाम्याची, अमुक दुकानदाराकडे गेली, एवढंच ते सांगतं. तुमच्या हातात आहे ती तीच बंदूक आहे का, हे ताडून बघायचं काम तुमचं.

२. बंदूक रिकामी आहे का ते पाहा आणि फडकं बाजूला ठेवा

शंभर-दीडशे वर्षांची बंदूक भरलेली असू शकते. ठासणीच्या बंदुकीत तर हे हमखास तपासायचं. नळीत लाकडी काठी आत टेकेपर्यंत घाला, तोंडापाशी खूण करा, काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. काठी कानाच्या छिद्रापर्यंत (जिथून दारूला ठिणगी पोचते) पोचत नसेल तर आत काही तरी आहे. अशी बंदूक स्वतः रिकामी करायला जाऊ नका, जाणत्या गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) न्या.

दुसरं म्हणजे घासूनपुसून चकचकीत करू नका. वारशाने बंदूक आली की लोकांचा हात आधी पॉलिशकडे जातो. मूळ निळसर किंवा तपकिरी झालेला पृष्ठभाग, फिकट झालेले शिक्के, मुठीच्या आतली पेन्सिलची अक्षरं हेच तुमचे पुरावे. एकदा घासले की कुठलंच लेटर ते परत आणत नाही. माझ्या मते न काढलेल्या लेटरापेक्षा घरच्या घरी केलेल्या पॉलिशने जास्त बंदुकांची किंमत गेलीय.

हाताशी ठेवायच्या वस्तू : दहा पटीचं भिंग, तिरपा प्रकाश पाडता येईल असा टॉर्च, इंचाची पट्टी, लाकडी काठी, स्क्रूच्या खाचेत नेमके बसतील असे स्क्रूड्रायव्हर (ढिलं पातं घातलंत तर खाच बिघडते आणि ती कायम दिसते), मऊ कापड, वही, आणि नंबरांचे जवळून फोटो निघतील असा फोन.

३. कायद्यात तुमची बंदूक कुठे बसते ते बघा

अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे १८९८ मध्ये किंवा त्याआधी बनलेली बंदूक "अँटिक" धरली जाते आणि केंद्रीय कायद्यापुरती ती फायरआर्म ठरत नाही. खरेदी-विक्रीला परवानाधारक डीलर मध्ये लागत नाही. राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे असतात, आपल्या राज्याचे आधी वाचा.

म्हणजे १८९८ ची आणि १८९९ ची बंदूक दिसायला सारखी असली तरी कायद्यात दोघींमध्ये मोठी भिंत आहे. इथे लेटराचा एक वेगळाच उपयोग होतो : तारीख कागदावर मिळते. पण कारखान्यातून बाहेर पडल्याची तारीख आणि बनल्याची तारीख एक नसते. १८९७ मध्ये बनलेली बंदूक गोदामात पडून १९०१ मध्ये गेली, असं होतं. लेटरात "शिप्ड १९०१" दिसलं म्हणून लगेच ती अँटिक नाही असं ठरवू नका. कायदा बनल्याचं वर्ष विचारतो.

४. नंबर शोधा, सगळे शोधा

लेटर नंबरावर निघतं. नंबर चुकला की दुसऱ्याच बंदुकीचं लेटर येतं आणि पैसे जातात.

कोल्टच्या सिंगल ॲक्शनवर पूर्ण नंबर खालच्या बाजूला तीन ठिकाणी असतो : फ्रेमवर, चापाच्या कड्यापुढच्या पट्टीवर आणि मुठीच्या बुडाशी पोलादी पट्टीवर. जुन्या बंदुकांवर सिलिंडर आणि नळीवरही नंबराचे शेवटचे आकडे सापडतात. लाकडी एकसंध मूठ असेल तर ती काढून आतल्या खोबणीत बघा, पेन्सिलने किंवा शाईने नंबर लिहिलेला असू शकतो. विंचेस्टरच्या १८६६, १८७३ अशा जुन्या मॉडेलांवर नंबर दस्त्याच्या पुढे, खालच्या लोखंडी जिभेवर असतो; १८९४ मॉडेलवर मात्र तो रिसीव्हरच्या (यंत्राच्या पेटीच्या) खालच्या बाजूला असतो. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या रिव्हॉल्व्हरवर मुठीच्या बुडाशी बघा, आणि सिलिंडरच्या मागच्या बाजूलाही.

दोन सापळे इथेच आहेत. जोडणी करताना कारागीर भागांवर वेगळे छोटे नंबर मारत, ते सीरियल नंबर नव्हेत. आणि एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या मॉडेलांचे नंबर पुन्हा एकापासून सुरू होतात, म्हणून मॉडेल नीट ओळखल्याशिवाय अर्ज भरू नका. मॉडेल, कॅलिबर (गोळीचं माप), नळीची लांबी आणि नंबर हे चारही एकत्र लिहा.

नळी मोजायची पद्धतही ठरलेली आहे. रिव्हॉल्व्हरची नळी तोंडापासून सिलिंडरच्या पुढच्या कडेपर्यंत मोजतात, सिलिंडर त्यात धरत नाहीत. रायफलीची मात्र आतून, बोल्ट (नळी मागून बंद करणारा भाग) बंद करून, तोंडातून काठी टाकून मोजायची.

५. कोणाच्या वह्या कुठे आहेत

लेटर निघेल की नाही हे वह्या टिकल्या की जळल्या यावर ठरतं.

कोल्ट : कंपनी कनेटिकटमधल्या हार्टफर्डची. तिच्या अर्काइव्हकडून लेटर मिळतं. पण फेब्रुवारी १८६४ मध्ये कारखान्याला मोठी आग लागली आणि जुन्या नोंदींचा बराच भाग त्यात गेला. म्हणून अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातल्या आणि त्याआधीच्या, टोपीवर (घोडा आपटला की ठिणगी देणाऱ्या छोट्या डबीवर) उडणाऱ्या कोल्ट रिव्हॉल्व्हरांसाठी लेटर क्वचितच निघतं. १८७३ ला सुरू झालेल्या सिंगल ॲक्शनच्या नोंदी चांगल्या आहेत. लेटरात कॅलिबर, नळीची लांबी, मुलामा, मुठीचा प्रकार, पाठवल्याची तारीख, कोणाला पाठवलं आणि त्या खेपेत तशाच किती बंदुका होत्या, हे सगळं येतं.

विंचेस्टर : जुन्या वह्या वायोमिंगमधल्या कोडी गावी, बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्टच्या कोडी फायरआर्म्स म्युझियमकडे आहेत. मार्लिनच्या काही काळाच्या आणि एल. सी. स्मिथ शॉटगनच्याही तिथेच. पण सगळ्या नंबरांच्या नाहीत. १८६६ मॉडेलच्या साधारण सव्वा लाखाच्या आतल्या नंबरांच्या नोंदी मिळत नाहीत. १८९४ मॉडेल लाखोंनी बनलं, पण त्याच्या नोंदी ३,५३,९९९ नंबरापर्यंतच आहेत. तुमचा नंबर त्यापुढचा असेल तर अर्ज करू नका. विंचेस्टरच्या लेटरात रायफल की कार्बाइन (आखूड रायफल), अष्टकोनी नळी की गोल, चाप साधा की सेट (आधी चढवला की हलक्या दाबाने सुटणारा), गोदामात आल्याची तारीख, पाठवल्याची तारीख आणि ऑर्डर नंबर असतो. कुठे गेली हे बहुधा नसतं. "माझी रायफल टेक्सासला गेली होती का?" हा प्रश्न मनात धरून लेटर मागवणारे नाराज होतात.

स्मिथ अँड वेसन : मूळ मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची कंपनी. रॉय जिंक्स यांनी अनेक वर्षं कंपनीचे इतिहासकार म्हणून ही लेटरं दिली, आता स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशनकडून मिळतात. यांच्या लेटरात त्या मॉडेलचा छोटा इतिहासही असतो, नव्या माणसाला तो फार उपयोगी पडतो.

रेमिंग्टनच्या जुन्या नोंदी फारशा उरल्या नाहीत. तिथे "फॅक्टरी लेटर आहे" असं कोणी म्हणालं तर कागद हातात घेऊन नीट वाचा.

सगळीकडे अर्ज ऑनलाइन किंवा पोस्टाने करता येतो. शुल्क मॉडेलप्रमाणे बदलतं, आणि उत्तर यायला काही आठवड्यांपासून काही महिने लागू शकतात. नोंद सापडली नाही तर शुल्काचं काय होतं, ते पैसे भरण्याआधी वाचून घ्या.

६. लेटरात पैसे घालावेत का?

प्रत्येक बंदुकीचं काढू नका. साधी, वापराने झिजलेली, नळी कापलेली, पुन्हा मुलामा दिलेली बंदूक असेल तर लेटराचा खर्च किमतीतून निघत नाही. उलट मूळ नळी साडेसात इंची होती हे कागदावर येतं आणि तुमची कापलेली आहे हे सिद्ध होतं. विकताना ते लपवणं बरोबर नाही आणि सांगितलं तर भाव उतरतो.

काढावं कधी? बंदुकीत काही वेगळं दिसलं की. नक्षीकाम, हस्तिदंत किंवा शिंपल्याची मूठ, नेहमीपेक्षा लांब किंवा आखूड नळी, कोरलेलं नाव, कमी बनलेलं कॅलिबर. हे वेगळेपण कारखान्याचं आहे की नंतर कुणी केलंय, याचं उत्तर फक्त वहीत असतं. नक्षी कोणीही, कधीही कोरू शकतो. कारखान्याच्या वहीत "एन्ग्रेव्ह्ड" लिहिलं असेल तर तीच नक्षी कितीतरी पटींनी मोलाची होते.

सगळ्यात स्पष्ट उदाहरण विंचेस्टरच्या "वन ऑफ वन थाउजंड" रायफलींचं. उत्तम नेम असलेल्या नळ्या निवडून कंपनीने १८७३ मॉडेलात या खास रायफली काढल्या, जेमतेम १३० च्या आसपास. नळीवर ती अक्षरं कोरलेली असतात. अक्षरं कोरायला कितीसा वेळ लागतो? म्हणून वहीत नोंद नसलेल्या अशा रायफलीकडे जाणकार बघतही नाहीत.

आणि नोंद असली तर काय होतं तेही बघा. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांचं स्मिथ अँड वेसन नंबर तीन रिव्हॉल्व्हर डिसेंबर २०२२ मध्ये लिलावात ९,१०,६२५ डॉलरला गेलं. ते १२ मे १८९८ ला कारखान्यातून निघालं, म्हणजे रूझवेल्ट स्पॅनिश-अमेरिकन युद्धासाठी निघायच्या तयारीत होते त्याच दिवसांत, आणि फॅक्टरी लेटर तेच सांगतं. रिव्हॉल्व्हर तेच, पण कागद नसता तर ती घरात ऐकलेली एक गोष्ट राहिली असती.

७. लेटर आलं, आता ओळ न ओळ ताडा

लेटर फ्रेम करून भिंतीवर लावायच्या आधी ते टेबलावर, बंदुकीशेजारी ठेवा. एकेक रकाना वाचा, एकेक गोष्ट बंदुकीवर बघा आणि समोर बरोबर किंवा चूक लिहा. नळीची लांबी मोजा. कॅलिबर नळीवर काय लिहिलंय ते बघा. मुलाम्यासाठी लपलेल्या जागा बघा : मुठीखाली, घोड्याच्या बाजूला. बाहेर निळा आणि मुठीखाली निकेलचा कण दिसला तर कोणीतरी मुलामा बदललाय.

"कोणाला पाठवलं" हा रकाना वाचून लोक उगाच हुरळून जातात. न्यू यॉर्कचे हार्टली अँड ग्रॅहम किंवा सेंट लुइसचे सिमन्स हार्डवेअर ही नावं वारंवार येतात, कारण ते मोठे घाऊक व्यापारी होते. सिमन्सकडे पन्नासच्या खेपेत गेलेली बंदूक पुढे काउबॉयने घेतली की शाळामास्तरांनी, हे वही सांगत नाही. खेप किती बंदुकांची होती ते बघा. एकच बंदूक आणि तीही थेट एखाद्या माणसाच्या नावावर असेल तर मात्र खुर्चीत सावरून बसा.

असं खरंच घडलंय. बॅट मास्टरसन हा कॅन्ससमधल्या डॉज सिटीचा नावाजलेला कायदारक्षक. त्याने कोल्ट कंपनीकडून वेळोवेळी रिव्हॉल्व्हरं मागवली आणि जुलै १८८५ मध्ये तिथल्या ऑपेरा हाउस सलूनच्या लेटरहेडवर कंपनीला पत्र लिहिलं : निकेलचा मुलामा हवा, चाप हलका हवा, नळीवरची नेम धरायची माशी जरा उंच आणि जाड हवी. असं पत्र आणि वहीतली नोंद जुळली की शंका घ्यायला जागा राहत नाही. पण याच मास्टरसनबद्दल असंही सांगतात की पुढे न्यू यॉर्कला असताना जुनी रिव्हॉल्व्हरं गहाणवटीच्या दुकानातून घेऊन, मुठीवर खाचा पाडून, "ही माझी" म्हणून तो हौशी लोकांना देत असे. म्हणजे खुद्द मालकाच्या हातून आलेली बंदूकसुद्धा वहीशी ताडून बघावी लागते.

८. सैन्याच्या बंदुकांना वेगळा न्याय

अमेरिकन सैन्याने घेतलेल्या सिंगल ॲक्शन कोल्टवर तपासनीसांची आद्याक्षरं असतात. ऑर्विल एन्सवर्थ, डेव्हिड क्लार्क, रिनाल्डो कार यांचे शिक्के ओळखीचे आहेत. इथे एक महत्त्वाचा अपवाद आहे. सैन्याच्या घोडदळाची रिव्हॉल्व्हरं साडेसात इंची नळीची होती. १८९० च्या दशकात ती बोलावून, खोलून, नळ्या साडेपाच इंचांवर कापून पुन्हा जोडली, आणि जोडताना भागांची सरमिसळ झाली. यांना आर्टिलरी मॉडेल म्हणतात. त्यांच्यावरचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत आणि तेच बरोबर आहे. उलट साडेपाच इंची सरकारी कोल्टचे सगळे नंबर जुळत असतील तर नीट चौकशी करा.

अशा बंदुकांना फॅक्टरी लेटर पुरत नाही. इथे तज्ज्ञाचं लेटर लागतं. सरकारी सिंगल ॲक्शनवर आयुष्य घालवलेल्या जॉन कोपेक यांनी दिलेली लेटरं इतकी मानली जातात की लिलावात "कोपेक लेटर आहे" एवढंच लिहितात. त्यांच्या लेटरात कुठला भाग मूळ, कुठला बदललेला, शिक्का खरा की खोटा, हे स्पष्ट असतं. तज्ज्ञाच्या लेटराची किंमत तज्ज्ञाच्या नावाएवढी. विकणाऱ्यानेच स्वतःच्या मालाला दिलेलं "प्रमाणपत्र" मी लेटर धरत नाही.

९. विकत घेताना : मी कुठे फसलो

नऊ वर्षांपूर्वी एका गन शोमध्ये मी एक कोल्ट सिंगल ॲक्शन घेतलं. सोबत लेटर होतं, डेन्व्हरच्या एका व्यापाऱ्याला गेलेली एकट्या बंदुकीची खेप. लेटर खरं होतं. नळीची लांबी जुळत होती, कॅलिबर जुळत होतं. मी दीडपट पैसे मोजले.

घरी आल्यावर रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉर्च आडवा धरून भिंगातून नंबर बघितला. शेवटचा आकडा आठ. त्याच्या उजव्या बाजूची वळणं गोलसर, कडा झिजलेल्या, बाकीच्या आकड्यांसारख्याच. डाव्या बाजूची दोन वळणं मात्र धारदार आणि जरा खोल, तळाशी पोलाद अजून उजळ. तो आठ मुळात तीन होता. कोणीतरी चांगलं लेटर मिळवून त्या लेटराजोगी बंदूक तयार केली होती. पैसे परत मिळाले नाहीत, मी खरेदीच्या वेळी काहीच लिहून घेतलं नव्हतं.

तेव्हापासून मी या गोष्टी पाळतो आणि तुम्हीही पाळा. भिंग आणि टॉर्च खिशात ठेवूनच बंदूक बघायला जा, आकड्यांची खोली आणि झीज एकसारखी आहे का ते पाहा. लेटराची झेरॉक्स मिळाली तर मूळ कागद मागा, आणि शक्य असेल तर त्याच नंबराचं लेटर स्वतःच्या नावाने नव्याने मागवा. रक्कम मोठी असेल तर पावतीवर नंबर, वर्णन आणि "मूळ नसल्याचं आढळल्यास इतक्या दिवसांत परत घेऊ" हे वाक्य लिहून घ्या. त्याला नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

१०. घरातली हकिकत कागदावर उतरवा

हे काम पैशाविना होतं आणि त्याला उशीर करून चालत नाही, कारण सांगणारी माणसं म्हातारी असतात.

शेरीफ पॅट गॅरेटने १४ जुलै १८८१ ला न्यू मेक्सिकोत कुख्यात गुन्हेगार बिली द किडला ज्या कोल्टने मारलं, ते २०२१ मध्ये ६० लाख डॉलरच्या वर गेलं. ते कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेलं याची साखळी कागदोपत्री आहे. गॅरेटच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने, अपोलिनारियाने, दुसऱ्याच्या ताब्यात गेलेलं हे रिव्हॉल्व्हर कोर्टात जाऊन परत मिळवलं. तिने हक्कासाठी केलेल्या भांडणाचे कागद आज पुरावा झाले आहेत.

घराण्याच्या लेटरात हे हवं : बंदुकीचं वर्णन आणि पूर्ण सीरियल नंबर, पहिल्या ज्ञात मालकाचं नाव आणि तुमच्याशी नातं, ती कोणाकडून कोणाकडे कधी आली, हे तुम्ही स्वतः पाहिलंय की ऐकलंय, तारीख, सही, आणि नोटरीचा शिक्का. नंबर नसलेलं लेटर कुठल्याही बंदुकीला जोडता येतं, म्हणून जाणकार त्याला किंमत देत नाहीत. "असं आजोबा सांगत" हे "असं होतं" म्हणून लिहू नका. सोबत जुने फोटो, पावत्या, विम्याचे कागद, मृत्युपत्रातला उल्लेख जोडा. आजींनी यजमानांची डायरी शोधून काढली, १९६२ मध्ये रिव्हॉल्व्हर कुठल्या शेताच्या लिलावात घेतलं ते त्यात होतं. त्या पानाची प्रत आम्ही त्यांच्या लेटराला जोडली.

हस्तिदंताच्या मुठीबद्दल एक सूचना : अमेरिकेत हस्तिदंताच्या विक्रीवर कडक बंधनं आहेत आणि काही राज्यांची आणखी वेगळी. १०० वर्षांहून जुन्या वस्तूला सवलत मागायची तर वय तुम्हाला सिद्ध करावं लागतं. मूठ लेटरात नोंदलेली असेल तर तोच तुमचा पहिला पुरावा.

११. भारतात बंदूक असेल, किंवा न्यायची-आणायची असेल तर

आपल्याकडच्या संस्थानी आणि इनामदार घरांत हॉलंड अँड हॉलंड, पर्डी, वेस्टली रिचर्ड्स यांच्या बंदुका आल्या. या इंग्रजी घराण्यांनी आपल्या वह्या जपल्या आहेत आणि नंबर कळवला तर नोंद काढून देतात : मूळ गिऱ्हाईक कोण, बोअर (नळीच्या आतलं माप), नळ्यांची लांबी, तारीख. नंबर बहुधा चापाच्या कड्याच्या मागच्या पट्टीवर किंवा नळ्या उतरवल्या की खालच्या बाजूला असतो. गावाकडच्या ठासणीच्या किंवा तोड्याच्या बंदुकीला असलं लेटर नसतं. तिचे कागद म्हणजे पणजोबांच्या काळच्या परवान्याच्या वह्या, संस्थानाचे दाखले, वाटणीपत्रं. ते रद्दीत जाऊ देऊ नका.

पण लेटराआधी परवाना. १९५९ च्या शस्त्र कायद्यात १८९८ सारखी रेघ नाही. कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या, पुरातन किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे, ती दुरुस्त करूनही उडू शकत नसेल तरच. उडू शकणारी बंदूक कितीही जुनी असली तरी परवाना लागतो. परवानाधारक वारला असेल तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडे अर्ज करायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाच्या धरूनसुद्धा.

अमेरिकेतून कायमचे परत जाणाऱ्यांनो, "ही अँटिक आहे, इथे तर फायरआर्मही धरत नाहीत" म्हणून ती कंटेनरमध्ये टाकू नका. भारतात शस्त्र आणायला कलम १० खाली परवाना लागतो आणि कोल्टचं लेटर कस्टम्सच्या टेबलावर परवान्याचं काम करत नाही. उलट दिशेलाही तसंच. १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वाड्यातली बंदूक वाड्यातच ठेवा. तिच्या नंबराचे फोटो काढा, इंग्लंडहून नोंद मागवा, आणि कागदांची एक प्रत बंदुकीपासून वेगळ्या जागी, दुसऱ्या भावाच्या किंवा बहिणीच्या घरी ठेवा.